सोडलेलं तूप

एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर आता फक्त आराम, असं सगळ्यांना सांगत फिरलो. आराम काही नशिबी नव्हता. आता मी नातीला औषध देतो, आणि खरं सांगतो, बाजाराच्या दिवशी खचाखच भरलेल्या गाडीत तिकिटं फाडणं याच्यापेक्षा सोपं होतं. प्रवासी भांडायचे, पण निदान तोंड तरी उघडायचे.

आमचं घर मालेगावला, यंत्रमागांच्या मोठ्या मालेगावला नव्हे, नागपूरच्या वाटेवरच्या छोट्या मालेगावला, वस्ती संपून वावरं सुरू होतात तिथे. मुलगा आणि सून भाजीचा मळा करतात. वांगी, मेथी, कोथिंबीर, जे निघेल ते तोडून सकाळी बाजारात न्यायचं, आणि तिथून परत मळ्यात. त्यामुळे नात दिवसभर आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे. पोरगी सहा वर्षांची आहे, पण अंगानं चारची वाटते. बोलायला मात्र साठची.

तान्ही असताना तिच्या कपाळाचा मुका घेतला की ओठांना खारट लागायचं. उन्हाळा आहे, घाम आहे, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो. पुढे खोकला सुटेना, छाती घरघर करायची, खाल्लेलं अंगी लागायचं नाही, म्हणून नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घाम तपासला आणि सांगितलं की तो खारटपणाच या आजाराची खूण आहे. आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. आमच्या गल्लीत हे नाव कुणालाच उच्चारता येत नाही आणि मलाही फार सरावानं जमलं. साध्या भाषेत सांगायचं तर हिच्या छातीतला कफ फार चिकट होतो, सुटता सुटत नाही. तोच चिकटपणा पोटातही आडवा येतो, म्हणून तेलातुपाचं अन्न पचत नाही. आणि पोरीच्या अंगात ताकद नसली की छातीचं दुखणं लगेच डोकं वर काढतं. म्हणजे फुफ्फुसाची लढाई अर्धी ताटावरच लढायची.

त्यासाठी तिला जेवणासोबत कॅप्सूल असते. कॅप्सूलच्या आत राजगिऱ्यासारखे बारीक दाणे असतात, ते तेलतूप पचवायचं काम करतात. लहान लेकराला अख्खी कॅप्सूल गिळता येत नाही, म्हणून ती उघडून दाणे कशात तरी घालून द्यायचे. आणि तिथेच गोम आहे. गरम वरणात चालत नाही, दुधात चालत नाही, दाण्यांवरचं आवरण तिथेच विरघळून जातं आणि औषध वाया. दाणे चावायचेही नाहीत. तोंडात कुठे अडकून राहिले तर गालाला आतून फोड येतात. माझ्या चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी ते कोमट दुधात घोळून दिले. आपल्याकडे औषध म्हटलं की दूध, हे कुणी शिकवावं लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, थंड, मऊ आणि आंबटसर असं काहीतरी घ्या, सफरचंद उकडून त्याचा गर करा. रोज सफरचंद कुठून उकडणार? मी विचारलं, आमच्या घरी कैरीचा गुळांबा असतो, बिनतेलाचा, तो चालेल का? त्या म्हणाल्या, उत्तम.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. आधी नुसत्या गुळांब्याचं बोट चाटवायचं, म्हणजे तोंडाला पाणी सुटतं. मग दाणे घातलेला चमचा. मग परत थोडा नुसता गुळांबा, वरून पाणी, खळखळून चूळ, आणि शेवटी मी दरडावतो, "चला, तिकीट दाखवा." मग ती आ करून जीभ वर उचलते आणि मी बॅटरी घेऊन दोन्ही गाल तपासतो. एखादा दाणा दडून बसलेला असला तर विनातिकीट प्रवासी म्हणून त्याला पाण्यानं खाली उतरवायचं. या खेळावर ती इतकी खूश असते की कधीकधी मुद्दाम एखादा दाणा लपवते.

खोकला वाढला की एक कडू औषध सुरू होतं, त्याची गोष्ट वेगळी. त्यानं मला नाकी नऊ आणले. सुरुवातीला मी आपला जुना उपाय केला, नाक दाबलं आणि तोंड उघडलं की ओतलं. तिनं ते सगळं माझ्या सदऱ्यावर परत केलं, वर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरीणबाईंनी मग नीट दाखवलं. लेकराला ताठ बसवायचं, पिचकारीचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवायचं, थोडं थोडं सोडायचं, तिला गिळायला वेळ द्यायचा. आणि तिला काहीतरी ठरवू द्यायचं. आता मी विचारतो, "डावा गाल का उजवा?" यावर बाईसाहेब असा विचार करतात की जणू जिल्ह्याचा निकाल लागणार आहे. मी पिचकारी धरून ताटकळत बसतो, पण औषध जातं.

इतकं सगळं जमल्यावर माझी छाती फुगली होती. मला वाटायचं, या कामात आपल्याला तोड नाही. अडचण फक्त लोकांची होती. आपल्याकडे आजारी माणूस म्हणजे पथ्य. त्यातून खोकला म्हणजे तेल बंद, तूप बंद, आंबट तर नावच काढू नका. आणि हिला हवं नेमकं उलटं, तूप जास्त, तेल जास्त, मीठ जास्त, आणि औषधाला आंबट गुळांबा. मी पोरीला गुळांबा चारताना पाहून गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. "खोकलनाऱ्या पोरीले आंबट? म्हातारा येडा झाला का वो?" मी समजावून थकलो. रोग कळायला लोकांना वेळ नसतो, सल्ला द्यायला मात्र असतो.

रमजान ईदला तर कहर झाला. आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब आहे, त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. त्या घरच्या भाभीचा शीरखुर्मा म्हणजे काय सांगावं, वाटीच्या कडेनं तूप सुटलेलं, वर काजू, खारीक, चारोळी. नात दोन दिवस आधीपासून भिंतीवरून डोकावत होती. मी कॅप्सूल उघडून, गुळांब्याचा चमचा तयार ठेवून बसलो. भाभी आल्या, आमच्यासाठी मोठा वाडगा आणि पोरीसाठी वेगळी छोटी वाटी. म्हणाल्या, "भाऊजी, बच्चीसाठी अलग बनवला. दूध पातळ केलं, घी बिलकुल टाकलं नाही. बीमार लेकरू आहे ना." वाटीत बघतो तर पांढऱ्या पाण्यात शेवया पोहत होत्या. माझा पारा चढला. "अवो भाभी, तुमी तं पोरीले शेवयाचं पानी आनलं! तिले घी पायजे, घी!" भाभी एवढ्याशा झाल्या. पण बाई मनाच्या मोठ्या. तशाच परत गेल्या आणि तुपानं थबथबलेली वाटी घेऊन आल्या. पोरीनं औषध घेतलं, खुर्म्यातले काजू वेचून खाल्ले आणि तूपवालं दूध तसंच ठेवलं. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. पोरं वेचून खातातच.

त्यानंतर नागपूरची तारीख आली. सून आणि मी तिला घेऊन गेलो. काट्यावर उभी केली तर वजन मागच्या वेळेला होतं तिथेच. उंची वाढलेली, वजन नाही. डॉक्टरीणबाईंनी मागचे कागद काढून ताडून बघितले. म्हणाल्या, "कॅप्सूल बरोबर देताय ना?" मी छाती ठोकून हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "कॅप्सूल घेतल्यावर ती तूपतेल खरंच खाते का?" सून म्हणाली, "सासूबाई रोज वाढतात." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाढणं वेगळं आणि खाणं वेगळं. पुढच्या वेळीही वजन असंच राहिलं तर नाकातून पोटापर्यंत बारीक नळी घालावी लागेल. रोज झोपताना त्या नळीतून पोटात दूध सोडायचं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पुष्कळ मुलांना घालतात." त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं, पण सुनेचा चेहरा पडला. पोरीनं स्वतःच्या नाकाला हात लावून बघितला आणि गाडीत बसल्यावर मला विचारलं, "आबाजी, नळी कोनत्या नाकात घालतात?" मला तिच्याशी डावा-उजवा खेळायचा धीर झाला नाही.

घरी आलो आणि मी जेवणावर पहारा बसवला. तिकीट तपासनीस गाडीत चढल्यावर जसा गप्प बसून बघतो तसा बसलो. नात जेवते आजीच्या ताटात. जन्मापासूनची सवय आहे, वेगळं ताट दिलं तर हात लावत नाही. बायकोनं वरण-भात वाढला, अर्ध्या भातावर चांगलं चमचाभर तूप घातलं आणि ती बाजू पोरीकडे केली. वाढण्यात काडीची कसूर नव्हती. पोरीनं तूपवाला भात हळूच ताटाच्या कडेला सरकवला आणि आजीच्या बाजूचा कोरडा भात खाऊ लागली. जेवण संपलं तेव्हा कडेचा भात तसाच होता. बायकोनं तो उचलून गाईला घातला.

मी तिथेच चमकलो. ही बाई अन्नाचा कण टाकत नाही. मुलगा लहान होता तेव्हा त्याचं उष्टं हिनं खाल्लं, माझ्या ताटातली अर्धी भाकरी हिनं खाल्ली, आणि नातीचा तुपाचा भात गाईला? मी नातीला जवळ घेऊन विचारलं, "तूप काहून खात नाही वं?"

ती म्हणाली, "आजी नाही खात. मी काहून खाऊ?"

मला तूप पचत नाही, पित्त होतं, असं बायको दोन वर्षं सांगत होती आणि मीही ते मानून चाललो होतो. या वयात कुणाचं काय पचेल सांगता येत नाही. पण आता पित्ताचं नाव ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. पोरगी अंगणात गेल्यावर मी विषय काढला.

"तूप कायले सोडलं? खरं सांग. पित्ताचं नोको सांगू."

तिनं ताकास तूर लागू दिली नाही. भांडी घासत राहिली. मी हटलो नाही. शेवटी राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "पोरीले नागपूरले भरती केलं होतं ना, तवा देवीले बोलली मी. पोरीचा खोकला जाईन तवाच तूप तोंडात घेईन."

"आन् खोकला गेलाच नाही तं?"

"काहून नाही जानार? असं वंगाळ बोलू नोका."

"डॉक्टरीन काय बोलली ते मी तुले सांगतलं ना? हे औषध जनमभराचं आहे. खोकला कमी होईन, पोरगी खेळंन, शाळेत जाईन, पन हा आजार जानारा नाही."

"डॉक्टर लोक बोलतच असतात."

"अवं, ती तुह्यावर पाहून राह्यली! तू सोडलं म्हून तिनं सोडलं. तू देवीले बोलली आन् उपाशी पोरगी राहून राह्यली!"

शब्द कडक होते, पण त्यातला एकही खोटा नव्हता. बायकोनं राखेचे हात धुतले. पदर खोचला आणि मागच्या दारी निघून गेली.

त्यानंतरचे दिवस घरात फार शांततेत गेले, आणि शांतता मला सोसत नाही. बायकोनं पोरीला सुनेच्या ताटात बसवून पाहिलं, ती उठून आजीकडे आली. मी तिच्यासमोर तुपाची वाटी तोंडाला लावून दाखवली. तिनं मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आबाजी तं काहीबी खातात." म्हणजे माझ्या खाण्याला या घरात काही किंमत नाही हे कळलं. सून भाजीत तेल जास्त घालायला लागली, तर पोरगी तर्री बाजूला करून फोडी तेवढ्या खायची. मी रोज कॅप्सूल उघडायचो, दाणे द्यायचो, आ करून बघायचो, आणि माझ्या मनात यायचं की मी नुसती तिकिटं फाडतो आहे, गाडीत चढत कुणीच नाही. बायकोवर राग होता, आणि तिची कीवही येत होती. तूप खायचं म्हणजे तिच्यासाठी नुसता नवस मोडणं नव्हतं. खोकला जाणार नाही हे कबूल करणं होतं. तेवढा एकच दोर तिनं दोन वर्षं घट्ट धरून ठेवला होता.

एका सकाळी मी अंगणात पेपर वाचत होतो. भिंतीपलीकडून भाभीचा आवाज आला. बायकोनं त्यांना कधी आणि काय सांगितलं होतं कोण जाणे. माझ्याशी अबोला, पण भिंतीशी बोलणं चालू होतं म्हणायचं. भाभी म्हणत होत्या, "बाई, आमच्यात दूध पाजनाऱ्या मायले रोजा माफ आहे. काहून? लेकराचं पोट भरलं पायजे म्हून. तुमची देवी एवढी कडक आहे का?"

 

त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. साधंच जेवण, भाकरी, मेथीची भाजी, वरण-भात. बायकोनं तुपाचं भांडं जवळ घेतलं, पोरीच्या बाजूला तूप घातलं, आणि मग चमचा परत भांड्यात बुडवून स्वतःच्या बाजूलाही घातलं. माझ्या हातातली कॅप्सूल हातातच राहिली. तिनं भात कालवला, घास घेतला आणि खाली बघत खूप वेळ चावत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही, कारण हात खरकटा होता.

नात टक लावून बघत होती. "आजी, तुले चालते तूप?"

"चालते आता."

"मंग तुही गोळी कुठी आहे?"

तूप खाणाऱ्या माणसाला गोळी लागतेच, हा तिच्या जगाचा नियम. मी चमचा पुढे केला तर तिनं माझा हात धरून आजीकडे वळवला. "आधी आजीले द्या." मी नुसत्या गुळांब्याचा चमचा भरला आणि बायकोच्या तोंडासमोर धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला असा घास कधी भरवला नव्हता. तिनं घेतला. नात म्हणाली, "आ कर." माझ्या बायकोनं, जी सुनेसमोर माझ्याशी मोठ्यानं बोलतही नाही, तोंड उघडून जीभ वर करून दाखवली. मी बॅटरी लावून दोन्ही गाल तपासले. मग नातीनं आपले दाणे घेतले, चूळ भरली, आणि आजीच्या बाजूचा तुपाचा भात ओढून खाल्ला. स्वतःच्या बाजूचाही खाल्ला. गाईला त्या दिवशी काही मिळालं नाही.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. कधी ती नुसत्या भाकरीवर अडून बसायची. पण आजीनं घास घेतला की तिचा घास मागोमाग जायचा. उन्हाळा लागला, आमरस आला, भाभींच्या घरून अंड्याचा हलवा यायला लागला, तोही आता बिनपाण्याचा. कडू औषध मध्ये एकदा घ्यावं लागलं. ते तिनं डाव्या गालातून घेतलं.

मग नागपूरची तारीख. काट्यावर तिला उभी करताना मी छताकडे बघत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अरे वा, वाढलंय की!" फार नव्हतं वाढलं, पण त्यांना हवं होतं तेवढं होतं. छातीत आवाजही कमी होता. नळीचा विषय त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला. म्हणाल्या, "काय बदल केला जेवणात?" सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तिची आजी तूप खाऊन राह्यली." त्यांना काही उमगलं नाही, पण त्या हसल्या. औषधं तीच पुढे चालू ठेवायला सांगितली.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. मी म्हटलं, "वाढलं." ती मान हलवून आत गेली. मला वाटलं, झालं, एवढंच.

दिवेलागणीला तिनं देवीपुढे दिवा लावला. ती देवीशी मोठ्यानं बोलते, शेजारणीशी बोलावं तशी. मी ओसरीवर बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "माय, मी तुले बोलली होती का पोरीचा खोकला घेऊन जाय. ते मांगनं मी वापस घेतलं. नसंन जात तं राहू दे, आमी पाहून घेऊ त्याचं. तू फक्त पोरीची भूक राहू दे."

खोकला राहू दे, हे शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. आतून नात आजीला विचारत होती, आज जेवायला काय करून राह्यली.